बरोबर सात वाजता वेग मोजावा

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. आमचे आबा कोल्हापुरातल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. पुढं खिळे जाऊन संगणक आला तेव्हा संगणकावर बसले, आणि मालकाचं काम संपलं की उरल्यासुरल्या कागदावर लोकांसाठी पत्रकं काढायचे. नळाला दिवसाआड पाणी का, बसथांबा न विचारता का हलवला, सरकारी दवाखान्यात खोकल्याचं औषध का संपलं. गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांचे गठ्ठे माळ्यावर पडलेले असत आणि माझ्या वह्यांना त्यांचीच कव्हरं असत. चौथीत ‘माझी आई’ या निबंधाची सुरुवात मी ‘बंधू-भगिनींनो, किती दिवस सहन करणार?’ अशी केली होती. बाईंनी दुसऱ्या दिवशी आईला शाळेत बोलावून घेतलं, आणि घरात काही वेगळं चालू नाही ना, असं हळूच विचारलं.

त्यामुळं माझ्या डोक्यात कुठलीही गोष्ट आधी मथळा होऊन येते, मग गोष्ट होते. गेल्या वर्षीचं इंटरनेटचं प्रकरणही तसंच आलं. फक्त त्यात मथळा माझा होता आणि नोकरी वहिनींची.

वहिनी निपाणीकडच्या. गणितात एम.एस्सी. लग्नाआधी पुण्यात एका क्लासमध्ये शिकवायच्या. दादा इथं एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, त्याला कोल्हापूर सोडता येण्यासारखं नव्हतं, म्हणून त्या इथं आल्या. इथल्या क्लासवाल्यानं त्यांना जो पगार सांगितला तो ऐकून वहिनी उठून घरी आल्या. त्यांना राग आला की त्या मनातल्या मनात कानडीत आकडे मोजतात. ओठ हलताना दिसतात, ओंदु, एरडु, मूरु. त्या दिवशी बहुधा शंभरापर्यंत गेल्या असतील.

मग त्यांना एक काम सापडलं. आखाती देशांत राहणाऱ्या मुलांना घरी बसून ऑनलाइन गणित शिकवायचं. लेखी परीक्षा झाली, तोंडी झाली, शेवटी चाळीस मिनिटांचा नमुना तास घ्यायचा होता, संध्याकाळी सातला, कारण मुलं तिकडं शाळेतून येऊन, खाऊन-पिऊन त्याच वेळी मोकळी होतात. विषय अपूर्णांकांचा भागाकार. वहिनींनी अर्ध्या भाकरीचे पाव-पाव तुकडे करून दाखवायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी आईकडून खरीखुरी भाकरी करून घेतली होती.

बाराव्या मिनिटाला पडद्यावर सगळं थिजलं. वहिनींचा हात वर, हातात भाकरी, तोंड उघडं. पलीकडून एक बाई म्हणत होत्या, ‘मॅडम, तुमचा आवाज येत नाही. मॅडम?’ मग त्या बाईही थिजल्या.

दोन दिवसांनी मेल आला. आणखी एक संधी देऊ, पुढच्या नाही तर त्याच्या पुढच्या शनिवारी, सात वाजता. पुन्हा तुटलं तर घरी योग्य सोय नाही असं समजू. दुसऱ्या बाजूला पुण्याचा जुना क्लास त्यांना परत बोलवत होता आणि महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता.

‘मी घरी नुसती बसणार नाही, वन्सं,’ वहिनी मला म्हणाल्या. ‘शनिवारी जमलं तर इथं. नाही जमलं तर पुणं. तुमचे दादा दर रविवारी पुण्याला येतो म्हणतात.’

‘आणि तुमच्या मनात काय आहे?’

‘मनात जायचं असतं तर बॅग भरली असती,’ त्या म्हणाल्या.

जेवताना दादा म्हणाला, ‘लाईनच बदलून टाकू. त्या मोठ्या कंपनीचं घेऊ. शंभरचं स्पीड देत्यात म्हणं.’

आबांनी घास तसाच हातात धरला. ‘आपला केबलवाला वीस वर्सं तारा वडतोय ह्या गल्लीत. तार तुटली तर छत्री घिऊन येतोय. ती तुझी कंपनी यील का?’

‘आबा, हिची नोकरी हाय की छत्री?’

‘मी बघते,’ मी म्हणाले. ‘सगळ्या कंपन्यांची तुलना करते. वेग किती, पैसे किती, खरं काय, खोटं काय.’

दादानं कपाळाला हात लावला. ‘झालं. आता पत्रक निघतंय.’

पण मी आधी अभ्यास केला. गुलाबी कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर उभ्या-आडव्या रेघा मारल्या. आमचा केबलवाला: पन्नासचा वेग, महिना पाचशे, पावती मागितली तर मिळते. मोठी कंपनी: शंभरचा वेग, महिना सातशे, पण ते सहा महिने, त्यानंतरचा आकडा जाहिरातीत इतका बारीक होता की आबांचं खिळे तपासायचं जुनं भिंग काढावं लागलं. शिवाय त्यावर कर वेगळा. शिवाय जोडणीचे पैसे माफ, पण वर्षाचे आधी भरले तर. तिसरी, खिडकीत ठेवायची बिनतारी पेटी: महिना सहाशे, पेटीची अनामत वेगळी. चौथं सरकारी, त्यांच्या कचेरीत एका सज्जन माणसानं माझा अर्ज घेतला, नीट घडी घातली आणि ‘माहिती घेऊन कळवतो’ म्हणाला. तो अजून माहिती घेत असावा.

मोठ्या कंपनीचा माणूस गळ्यात ओळखपत्र घालून घरी आला.

‘शंभर एमबीपीएस, मॅडम.’

‘इथं “शंभरपर्यंत” लिहिलंय.’

‘हां, म्हणजे शंभरपर्यंत.’

‘दोन आलं तरी ते शंभरपर्यंतच झालं की.’

‘दोन नाही येत, मॅडम.’

‘मग “दोन येत नाही” असं छापा की खाली.’

तो बिचारा हसला. म्हणाला, ‘मॅडम, एवढं कुणी वाचतच नाही.’ मी त्याला सांगितलं की न वाचणाऱ्यांच्या जिवावर छापलेला प्रत्येक शब्द ही फसवणूक आहे. त्यानं मान डोलावली, नाव-पत्ता लिहून घेतला, चहा घेतला. तीन दिवसांनी फोन आला की तुमच्या गल्लीत आधीच चार घरांना दिलंय, खांबावरच्या जोडणीच्या पेटीत जागा शिल्लक नाही, नवीन पेटी बसायला महिना-दीड महिना.

बिनतारी पेटी दुकानदारानं एक दिवस वापरून बघायला दिली. खिडकीत ठेवली तर बरी चालायची, वहिनींच्या टेबलावर मरायची, कारण मध्ये नवीन पाचमजली इमारत उभी आहे. सगळ्यात चांगली चालली गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली.

‘मग टाकीखाली बसून शिकीव की,’ दादा वहिनींना म्हणाला. ‘घनफळ शिकवायला बरं पडंल.’

वहिनींचे ओठ हलायला लागले. दादा खाली गेला.

राहता राहिला केबलवाला. त्याला फोन केला तर तो म्हणाला, ‘ताई, पन्नासचा प्लॅन हाय तुमचा, पन्नास येतंय. मोबाईल जुना असंल तुमचा.’ गल्लीत विचारलं तर प्रत्येकाला त्यानं हेच सांगितलं होतं. सगळ्या गल्लीचे मोबाईल जुने! मला इतका राग आला की मथळा तयार झाला.

पत्रक पिवळ्या कागदावर काढलं. आबांनी ओळखीच्या छापखान्यात बसून स्वतः अक्षरं लावली. ते असं होतं:

‘जाहीर आवाहन! गल्लीतील सर्व इंटरनेटधारकांनो, आपण पैसे भरतो कोणत्या वेगाचे आणि मिळतो कोणता? येत्या रविवारी संध्याकाळी बरोबर सात वाजता प्रत्येकाने आपल्या मोबाईलवर वेग मोजावा आणि कंपनीचे नाव, महिन्याचे पैसे व वेग खालील रकान्यांत लिहून चिठ्ठी मोटार वाइंडिंगच्या दुकानात चाचांकडे द्यावी. चिठ्ठीवर नाव लिहू नये. कंपनी बदलण्याचा विचार असल्यास तसे लिहावे. एकजुटीने मोजू! एकजुटीने जाब विचारू!’

शेवटची दोन वाक्यं आबांची. ‘त्याबिगर उठाव येत न्हाय,’ ते म्हणाले.

वहिनींनी पत्रक दोनदा वाचलं. ‘सगळ्यांनी एकदम मोजायचं?’

‘एकदमच. सुटे सुटे गेलो तर कुणी विचारत नाही. एकाच वेळी, एकाच क्षणी.’

‘पण वन्सं...’

मी त्यांना पाण्याच्या मोर्चाची गोष्ट सांगितली, हंडे एकदम वाजवले म्हणून साहेब बाहेर आले ती. गोष्ट संपेपर्यंत त्या काय विचारणार होत्या ते राहून गेलं.

चाचांचं दुकान आमच्या घरासमोरच. जळलेल्या मोटारी उघडून त्यात नवी तांब्याची तार भरायचं काम ते चाळीस वर्षं करतायत, त्यांच्या आधी त्यांचे वडील करायचे. विहिरीवरच्या मोटारी, गिरणीच्या, पिठाच्या चक्कीच्या, सगळ्या जळून त्यांच्याकडं येतात. चिठ्ठ्यांसाठी त्यांनी वार्निशचा रिकामा डबा दिला. पत्रकावर त्यांनी नुसती नजर फिरवली आणि म्हणाले, ‘अक्षर झक्कास आलंय.’ बाकी काही बोलले नाहीत, कारण चष्मा घरी होता.

रविवारी पावणेसातपासून गल्ली बाहेर आली. गॅलरीत, पायऱ्यांवर, तालमीच्या कट्ट्यावर, हातात मोबाईल. एवढा प्रतिसाद आबांच्या कुठल्याच पत्रकाला मिळाला नव्हता. आबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. तालमीतल्या पोरांनी मोठ्यानं उलटे आकडे मोजले, ‘तीन! दोन! एक!’ आणि सगळ्या गल्लीनं बोट दाबलं.

काही झालं नाही.

‘फिरतंय नुस्तं,’ कुणीतरी म्हणालं.

‘माझं शून्य पूर्णांक चार!’

‘तुझं आलं तरी. माझं चाकबी फिरंना.’

‘ए, टीव्हीवरची मॅच गेली की गं! चेंडू वर हाय आन् गेली! झेल घेतला का सुटला?’

‘कोण म्हणालं रं मोजा म्हणून?’

दहा मिनिटांत केबलवाला स्कूटरवरून आला. खांद्यावर तारेचं वेटोळं तसंच. ‘कुणी केलं ह्ये? सगळी गल्ली एकदम कुणी चालू केली? मला धा फोन आलं! पत्रक काढलंय म्हणं माझ्या नावानं!’

‘तुझं नाव न्हाय त्यात,’ आबा शांतपणे म्हणाले. ‘तपासून घे. मी अक्षरं लावल्यात.’

‘नाव कशाला पायजे? गल्लीत केबलवाला मी एकलाच हाय की!’

तेवढ्यात चाचा दुकानातून बाहेर आले. आता डोळ्यांवर चष्मा होता आणि हातात माझं पत्रक. ‘पोरी, ह्यात सगळ्यांनी एकदम असं लिवलंय व्हय? अगं, माझ्या दुकानात दहा मोटारी एकदम चालू केल्या आणि फ्यूज उडाला, तर त्यातली चांगली कुठली आन् वाईट कुठली, काय कळणार? लोड टाकलास तू. मोजलं कुठं?’

गल्ली हसली. चांगली पोट धरून हसली. आठवडाभर मी दुसऱ्यांच्या जाहिरातीतले शब्द भिंगातून बघत होते आणि माझ्याच पत्रकातल्या ‘बरोबर सात वाजता’नं सगळ्यावर पाणी पाडलं होतं. मोर्चा कसा काढायचा ते मला येत होतं. मोजायचं कसं ते येत नव्हतं. शनिवार सहा दिवसांवर होता.

हसत हसत का होईना, चिठ्ठ्या मात्र सगळ्यांनी टाकल्या होत्या. मी डबा घेऊन वर आले आणि त्या केरात टाकणार होते. वहिनींनी डबा माझ्या हातातून घेतला. त्रेचाळीस चिठ्ठ्या त्यांनी जमिनीवर पत्त्यांसारख्या मांडल्या.

‘वन्सं, हे वाया नाही गेलं,’ त्या थोड्या वेळानं म्हणाल्या. ‘ही चार घरं मोठ्या कंपनीची. यांचा वेग सातला सुद्धा ऐंशीच्या वर आहे. बाकीची एकोणचाळीस केबलवाल्याची, ती सगळी एकदम झोपली. सगळ्यांचे मोबाईल एकाच क्षणी जुने होत नाहीत. म्हणजे दोष घराघरात नाही. गल्लीच्या तोंडाशी एकच लाईन आहे आणि तिच्यावर घरं जास्त झालीत.’

आबा खुर्चीतून पुढं वाकले. ‘म्हंजे आपलाच माणूस?’

‘आपलाच,’ वहिनी म्हणाल्या. मला ते कबूल करायला आबांपेक्षा जास्त वेळ लागला. मोठी कंपनी लबाड आणि छोटा माणूस प्रामाणिक, ही माझी मांडणी इतकी तयार होती की वाक्यंसुद्धा लिहून झाली होती.

‘फक्त एक राहिलं,’ वहिनींनी पत्रकावर बोट ठेवलं. ‘वेगाला एकच रकाना दिलाय तुम्ही. मोजल्यावर मोबाईल दोन आकडे दाखवतो. एक आपल्याकडं येण्याचा, एक आपल्याकडून जाण्याचा. सिनेमा बघायचा तर येणारा लागतो. मला माझा चेहरा आणि फळा तिकडं पाठवायचाय. मला जाणारा पाहिजे. तो कुणी लिहिलाच नाही, कारण कुणी विचारलाच नाही.’

मला तो दुसरा आकडा असतो हेच नीट माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. वहिनी हसल्या. ‘मग आता माझ्या पद्धतीनं मोजू.’

त्यांची पद्धत म्हणजे एक वही, दोन रकाने, एका वेळी एक घर. दुपारी तीनला, संध्याकाळी सातला. सोमवारी आणि मंगळवारी आम्ही दोघी फिरलो, तेच घर, तोच मोबाईल, तीच जागा. सगळ्यात अडचण चहाची होती. प्रत्येक घरात ‘बसा की, मोजायला काय घाई हाय’ असं म्हणून बसवायचे, आणि सातचं मोजमाप साडेसातला व्हायचं. वहिनी तेसुद्धा वहीत लिहायच्या, ‘साडेसात, चहा’.

आकडे स्पष्ट होते. दुपारी येणारा वेग चाळीसच्या आसपास. सातला पाच-सहा. आणि जाणारा वेग सातला एकाच्याही खाली.

त्या रात्री जेवताना दादाला एक उपाय सुचला. ‘शनिवारी सात ते पावणेआठ सगळ्यांनी नेट बंद ठेवा म्हणून सांगू. चाळीस मिनिटांचा तर प्रश्न हाय. माणसं ऐकतील. काढ गं एक पत्रक.’

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात ‘नम्र विनंती’ येऊन बसलं होतं.

‘नको,’ वहिनी म्हणाल्या. ‘शनिवारी ठेवतील बंद. मग सोमवारी? मंगळवारी? नोकरी लागली तर मला रोज सातला शिकवायचंय. रोज गल्ली बंद ठेवणार? चाळीस मिनिटं फसवून मिळालेली नोकरी आठ दिवसांत जाईल, आणि तोवर पुणंही गेलेलं असेल.’

दादानं भाकरी मोडली आणि खाली मान घालून जेवायला लागला. त्याला रविवारच्या पुण्याच्या गाड्यांचं वेळापत्रक पाठ झालं होतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

बुधवारी सकाळी आम्ही केबलवाल्याच्या ऑफिसात गेलो. तालमीशेजारी दहा बाय दहाची खोली, भिंतीभर तारा, मधोमध लुकलुकणाऱ्या दिव्यांचं कपाट. मी भाषण तयार करून आले होते. दारात वहिनी म्हणाल्या, ‘मी बोलते.’

‘या पावणं,’ केबलवाला वहिनींना म्हणाला. निपाणीकडच्या म्हणून तो त्यांना पावणं म्हणायचा. माझ्याकडं बघून म्हणाला, ‘आन् ह्या आल्या पत्रकवाल्या.’

वहिनींनी वही त्याच्यापुढं उघडून ठेवली. तो वाचत राहिला. दुपारचं पान, संध्याकाळचं पान, परत दुपारचं.

‘ह्ये “साडेसात, चहा” काय हाय?’

‘तेवढं सोडा. सगळ्या गल्लीसाठी वरच्या कंपनीकडून तुम्ही किती वेग घेता?’

तो खुर्चीत मागं रेलला. ‘दोनशे. घरं बारा होती तवा घेतल्यालं. आता एकोणचाळीस झाली. वाढवीन वाढवीन म्हणत ऱ्हायलं. कुणी बोललं न्हाय.’

‘कुणी बोललं नाही?’ माझं भाषण उसळून वर आलं. ‘आम्ही चार वेळा फोन केला!’

‘केलासा की. पर ताई, नेट स्लो हाय असं समदी म्हणत्यात. चांगलं चालत असलं तरी म्हणत्यात. मी कुणाचं खरं धरू? असं लिवून कुणी आणलं होतं का आजवर?’

वहिनींनी एक पान उलटलं. ‘एकोणचाळीसपैकी अकरा जणांनी बदलणार म्हणून लिहिलंय. मोठ्या कंपनीची नवी पेटी बसली की जाणार. अकरा घरांचे वर्षाचे किती होतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं माहीत. दुसरी लाईन ओढून वरून दोनशे आणखी घ्यायला किती लागतील तेही तुम्हालाच माहीत. दोन्ही आकडे शेजारी लिहून बघा.’

त्यानं खिशातलं पेन काढलं, वहीच्या कडेला काहीतरी लिहिलं आणि लगेच हातानं झाकलं. ‘ह्ये अकरा कोण कोण?’

‘ते सांगणार नाही,’ मी म्हणाले. ‘नाव लिहू नका असं छापलं होतं. माहीत असतं तरी सांगितलं नसतं.’

‘बरं ऱ्हाऊ द्या. शनिवारी कितीला हाय तुमचं, पावणं?’

‘सातला.’

‘शुक्रवारपत्तोर दुसरी लाईन वडतो. पर एक अट. ह्यावर पत्रक काढायचं न्हाय.’

‘काढणार,’ मी म्हणाले. वहिनींनी माझ्याकडं बघितलं, पण मला ते गिळता येईना. ‘ओढलीत तर ओढली म्हणून छापणार. नाही ओढलीत तर नाही ओढली म्हणून. जे असेल ते.’

केबलवाला मोठ्यानं हसला. ‘आबाची पोरगी शोभतीस बघ! छाप, छाप. पर ठळक छाप.’

शुक्रवारी दुपारभर तो आमच्या गच्चीवर होता. तार चाचांच्या पत्र्यावरून, तालमीच्या खांबावरून, आमच्या टाकीला वळसा घालून खिडकीतून आत आली. चाचा खालून ओरडत होते, ‘पत्र्यावर पाय देऊ नको, पाय देऊ नको, दिलास!’ वायफायच्या भरवशावर राहू नका असं म्हणून केबलवाल्यानं तार थेट वहिनींच्या लॅपटॉपमध्ये खोचली. संध्याकाळी सातला वहिनींनी मोजलं. येणारा सेहेचाळीस, जाणारा त्रेचाळीस. त्यांनी तीन वेळा मोजलं. तिसऱ्या वेळी केबलवाला म्हणाला, ‘आता काय काटा आणून तोलताय का?’

शनिवारी पावणेसातला वहिनींनी खोलीचं दार आतून लावलं. आईनं कुकर बंद करून ठेवला होता, मिक्सरला हात लावायचा नव्हता. आम्ही चौघं बाहेरच्या खोलीत बसलो. दारातून वहिनींचा आवाज येत होता, आणि एका लहान मुलीचा, मस्कतहून. बारावं मिनिट गेलं तेव्हा दादानं माझ्याकडं बघितलं. विसावं गेलं.

पंचविसाव्या मिनिटाला आतला आवाज बंद झाला.

एक क्षण, दोन, पाच. काहीच नाही. दादा उठला. दारापर्यंत गेला. आबांनी त्याच्या शर्टाचं टोक धरलं होतं आणि तो तसाच ओढत पुढं गेला होता, त्यामुळं दोघंही दाराशी वाकून उभे. आईनं पदर तोंडात धरला. मला आत वहिनींचा थिजून वर राहिलेला हात दिसत होता, दार बंद असूनसुद्धा.

मग आतून बारीक आवाज आला, ‘मिस, आठ?’

‘कसे आले आठ?’ वहिनी म्हणाल्या. ‘घाई नाही. मला सांग कसे आले.’

त्या वाट बघत होत्या. मुलगी गणित करत होती आणि वहिनी गप्प राहून तिला करू देत होत्या, एवढंच. दादा दाराशीच खाली बसला आणि उरलेली पंधरा मिनिटं तिथनं हलला नाही.

सोमवारी सकाळी अकराला मेल आला. वहिनींनी तो उभ्यानं वाचला, मग खुर्चीत बसून वाचला, मग मला वाचायला दिला. पुढच्या सोमवारपासून रोज तीन तास. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं की मुलीला उत्तर सापडेपर्यंत शिक्षिका थांबल्या, हे आम्हाला आवडलं.

दादाला मी फोन केला. ‘बरं,’ एवढंच म्हणाला आणि ठेवला. मला वाटलं पाळी सुटल्यावर येईल. पण अर्धा दिवस रजा टाकून तो साडेबाराला दारात उभा होता, हातात काळी पिशवी.

वहिनी त्या वेळी पुण्याला फोन लावत होत्या. ‘नाही सर, येत नाही... नाही, पगाराचा प्रश्न नाही... नाही सर, तोही प्रश्न नाही. मला इथंच काम मिळालंय. कोल्हापुरात.’ पलीकडचा माणूस बराच वेळ काहीतरी बोलत होता आणि त्या शांतपणे ‘हो सर’, ‘हो सर’ म्हणत खिडकीतून गल्लीकडं बघत होत्या.

आईनं पिशवीत डोकावलं आणि किंचाळली. ‘अरं ए! मटण? आज सोमवार हाय!’

दादा पिशवीकडं बघत राहिला. ‘व्हय की,’ तो म्हणाला. ‘ध्यानातच न्हाय आलं.’

‘मटणवाल्यानं तरी सांगायचं न्हाय?’

‘त्यो हसत होता. मला वाटलं, हिचं त्याला कळलं.’

आबा पेपरमागून हसत होते, पेपर हलत होता. वहिनींनी फोन ठेवला, आमच्याकडं वळल्या, आणि पिशवीकडं बघून विचारलं, ‘किती आणलंय?’

‘दोन किलो.’

‘मग उद्या चाचांना आणि केबलवाल्याला जेवायला सांगा,’ त्या म्हणाल्या. ‘आणि आत्ता फ्रीजमध्ये जागा करा.’